स्पिटफायर जोडून झालं, आता रंगाचं काय? (ब्रश, एअरब्रश, डिकल आणि बाकीची भानगड)

कागदीबाण
नमस्कार मंडळी. १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिकचं स्पिटफायर मार्क ९, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, जोडून टेबलावर उभं आहे. पंखाच्या मुळाशी पुट्टी भरून, घासून सांधे बुजवलेत. आता रंगाची वेळ आली आणि हात आखडला.

वरून डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, पोटाला मीडियम सी ग्रे, शेपटीजवळ स्काय रंगाचा पट्टा. शिवाय जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईसाठी दोस्तांच्या विमानांवर ओढलेले काळे-पांढरे पट्टे हवेतच, त्यांच्यासाठी तर हे किट घेतलं. एअरब्रश घ्यावा का ब्रशनेच भागेल? कॅनपी (वैमानिकावरची काच) कशी झाकायची? आणि डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या) आधी ग्लॉस (चकचकीत थर) मारा असं जो तो सांगतो. शेवटी सगळं मॅटच (बिनचमकीचं) करायचं असेल तर हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

टवाळखोर
मी पयला!
आता ब्रशवाले आणि फवारेवाले यांची जुंपणार. चटई अंथरून बसलोय.

कुंचलेवाली
ब्रशने भागतं, आणि छान भागतं. १/७२ चं विमान म्हणजे तळहातभर पृष्ठभाग, त्याला काँप्रेसर लागतोच असं नाही. मात्र रंग बघून घ्या. तामियाचे एक्स आणि एक्सएफ ॲक्रिलिक ब्रशने लावायला त्रास देतात. ते झटकन वाळतात आणि दुसरा हात मारताना खालचा विरघळून वर येतो. ब्रशसाठी वालेहोसारखे पाण्यावरचे ॲक्रिलिक घ्या, नाहीतर हम्ब्रोलचे इनॅमल.

चपटा, मऊ केसांचा, सेंटिमीटरभर रुंदीचा ब्रश घ्या. डबीतून थेट रंग उचलायचा नाही. ताटलीत काढून पातळ करायचा, ब्रशची निम्मी लांबीच बुडवायची आणि एका दिशेने ओढायचं. एकदा ओढलेल्या जागी रंग ओला असताना परत हात लावायचा नाही, हे सगळ्यात अवघड. पहिला हात भयंकर दिसतो, खालचं प्लास्टिक दिसत राहतं. दिसू द्या. दुसरा हात पहिल्याला काटकोनात. तिसऱ्या-चौथ्या हाताला सगळं एकसारखं होतं. ज्यांना पहिल्याच हातात झाकून टाकायचं असतं, त्यांच्या मॉडेलवर ब्रशच्या रेघा उठतात आणि मग ब्रशला बोल लावतात.

जुनं_खोड
कुंचलेवालीताईंशी निम्मा सहमत. ब्रशने एकरंगी विमान उत्तम होतं. पण कॅमुफ्लाज आणि वर पट्टे म्हणजे एकावर एक थर चढणार, आणि प्रत्येक थराला कडेला उंबरा तयार होणार. एअरब्रशचा थर इतका पातळ असतो की तो उंबरा बोटाला लागत नाही.

कागदीबाण, ठरवलंच असेल तर डबल ॲक्शन घ्या. म्हणजे बटण दाबलं की हवा आणि मागे ओढलं की रंग. नॉझल ०.३ मिमी, सगळ्या कामांना पुरतं. ०.२ दिसायला मोहक, पण नवख्याच्या हातात सारखं तुंबतं. काँप्रेसर टाकीवाला असावा, नाहीतर हवा धडधडत येते. पाणी अडवणारा फिल्टर हवाच, दमट हवेत त्याच्याशिवाय रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर पाच ते आठ सेंटिमीटर. फवारा विमानाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच बंद करायचा. पृष्ठभाग खरखरीत झाला तर रंग हवेतच वाळतोय, जवळ या किंवा थिनर वाढवा. रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला तर फार पातळ आहे किंवा दाब जास्त आहे.

नवाभिडू
वाचतोय. वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

द्रावक
ब्रश का एअरब्रश हे नंतर ठरवा. त्याआधी मॉडेल धुतलंत का? साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य प्लास्टिकवर राहतं, त्यात आपल्या बोटांचं तेल. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळू द्या. पोपडे निघण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग प्रायमर. प्रायमरचा खरा उपयोग दोष दाखवण्याचा. पुट्टी राखाडी, प्लास्टिक वेगळ्या रंगाचं, त्यात सांधा बुजला की नाही ते कळत नाही. सगळं एका करड्या रंगाखाली आलं की पंखाच्या मुळाशी केसाएवढी फट लगेच दिसते. परत भरा, वॉटर पेपरने घासा, परत प्रायमर. मिस्टर सरफेसर १००० किंवा १५०० चांगलं. आकडा वाढला की कण बारीक.

अजून एक, हे भिंतीवर लिहून ठेवा: लॅकर, इनॅमल, ॲक्रिलिक यांची भांडणं असतात. खाली इनॅमल आणि वर लॅकर मारलंत तर लॅकरचं द्रावक इनॅमलला उकलतं आणि सुरकुत्या पडतात. उलट क्रम चालतो. वालेहोमध्ये अल्कोहोलवालं थिनर घातलंत तर रंगाच्या गुठळ्या होतात, त्याला त्याचंच थिनर. तामियाच्या ॲक्रिलिकला उलट अल्कोहोल चालतं, आणि फवारायचं असेल तर लॅकर थिनरने तो आणखी गुळगुळीत बसतो. त्यामुळे तामियाने रंगवलेलं विमान अल्कोहोलने पुसू नये, रंग फडक्यावर येईल.

टवाळखोर
@द्रावक, म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखंच आहे की. कोणाचं कोणाशी पटतं हे आधी बघायचं. ह.घ्या.

द्रावक
हलकंच घेतो. आता एक गोष्ट मात्र हलकी घेऊ नका. लॅकरची वाफ फुप्फुसात जाते आणि साधा धुळीचा मास्क ती अडवत नाही. मास्कला सेंद्रिय वाफा शोषणारे कोळशाचे डबे हवेत. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. ॲक्रिलिकला वास येत नाही म्हणून मास्क काढून बसणारे शूरवीरही पाहिलेत. फवारलेला रंग वास नसतानाही श्वासातून आत जातोच.

तिरकाचिमटा
काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांबद्दल. एकेंजिनी विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद होता. पाच पट्टे: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. १/७२ मध्ये १८ इंच म्हणजे ६.३५ मिमी, पाचही मिळून जवळपास ३२ मिमी. बाजारातली ६ मिमीची मास्किंग टेप जवळ जाते, पण पाच पट्ट्यांत फरक पावणेदोन मिलिमीटरचा पडतो. डोळ्याला खुपत असेल तर रुंद टेप काचेवर चिकटवून नव्या पात्याने ६.३५ च्या पट्ट्या कापा. तसंही टेपची दुकानातून आलेली कड धूळ धरून बसलेली असते, ताज्या कापलेल्या कडेखाली रंग शिरत नाही.

क्रम असा. आधी ३२ मिमीचा पूर्ण पट्टा पांढरा. पांढरा रंग झाकायला मुलखाचा आळशी, गडद रंगावर तो कधीच चढत नाही, म्हणून तो पहिला. मग तीन पांढरे पट्टे टेपने झाकून मधले दोन काळे. मग ही सगळी जागा झाकून कॅमुफ्लाज. काळा फवारण्याआधी टेपच्या कडेवरून पांढऱ्याचाच एक हलका हात मारायचा. रंग गळायचाच असेल तर पांढऱ्यावर पांढरा गळतो आणि फट बंद होते. काळ्याची कड मग सुरीने कापल्यासारखी येते.

बेरंग
सुरीने कापल्यासारखी कशाला पाहिजे? खरे पट्टे चढाईच्या जेमतेम आदल्या एक-दोन दिवसांत जमिनीवरच्या माणसांनी हातात येईल त्या ब्रशने ओढले होते. फोटो बघा, कडा वाकड्या, रंग कमी-जास्त. टेप लावून काढलेले पट्टे खोटे दिसतात. इथे ब्रशच बरा!

कुंचलेवाली
@बेरंग +१. बघा, ब्रशवाल्यांचाही दिवस येतो :)

जुनं_खोड
बेरंग, सगळेच वाकडे नव्हते. काही ठिकाणी दोरी धरून, खडूने आखून नीट रंगवलेलेही फोटोत दिसतात. ज्या विमानाचं मॉडेल करताय त्याचाच फोटो शोधा, आणि तारीखही बघा. पुढे वरच्या बाजूचे पट्टे पुसून फक्त खालचे ठेवले गेले. किटच्या पत्रकातलं चित्र शेवटी कोणीतरी फोटोवरूनच काढलेलं असतं.

कागदीबाण
बापरे, केवढी माहिती! प्रायमर मारला आणि द्रावक म्हणतात तशी फट खरंच दिसली, परत भरली. कॅमुफ्लाजच्या दोन रंगांमधली कड धूसर ठेवायची की सरळ?

तिरकाचिमटा
गणित करा. एक इंच धूसरपणा म्हणजे १/७२ ला ०.३५ मिमी. हातानं एअरब्रश फिरवून मॉडेलवर ५ मिमीची धूसर कड आली तर खऱ्या विमानावर ती ३६ सेंटिमीटर झाली. असं स्पिटफायर कुठल्या कारखान्यातून निघालं? ब्लूटॅकच्या (चिकट, मऊ गोळ्याच्या) बारीक वळ्या करून रंगाच्या सीमेवर लावा, मधली जागा टेपने भरा आणि सरळ वरून फवारा. वळीच्या गोलाईखाली जेमतेम रंग शिरतो, तेवढाच धूसरपणा पुरे. तिरका फवारलात तर एका बाजूची कड कडक आणि दुसऱ्या बाजूची फुगलेली येते.

नवाभिडू
एक बाळबोध प्रश्न. पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेघांमध्ये) काळा वॉश (पातळ रंग) भरतात ना, तो सगळ्याच विमानांवर भरायचा?

बेरंग
नाही! माझ्या आवडत्या भांडणावर आलात. ०.१ मिमी रुंदीची कोरलेली रेघ म्हणजे १/७२ ला सात मिलिमीटरहून मोठी फट. एवढ्या फटी असलेलं विमान धावपट्टीवरच सुटं झालं असतं. त्यात काळा रंग भरला की विमान फरशी बसवल्यासारखं दिसतं.

पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचं तर विचारूच नका. त्याच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाचे सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वरून ॲल्युमिनियमचा रंग मारत. बाकीचं अंग उघड्या धातूचं, पंख मात्र रंगवलेले. आणि लोक त्याच पंखावर एकूण एक रिव्हेट काळा करून बक्षिसं मिळवतात. म्हणजे मस्टँग करताना पंखावरच्या रेघा चक्क पुट्टीने बुजवायला हव्यात आणि पंखाची चंदेरी छटा अंगाच्या धातूपेक्षा निराळी, जरा मंद ठेवायला हवी.

जुनं_खोड
मस्टँगचं बरोबर. पण मॉडेल हातभर अंतरावरून बघतात, तिथे काहीच रेघा नसतील तर ते खेळणं वाटतं. मी काळा वापरत नाही, खालच्या रंगाचीच गडद छटा वापरतो. पोटाच्या करड्याला गडद करडा, हिरव्याला काळपट तपकिरी. ऑइल कलरचा दाणाभर गोळा व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळवायचा, बारीक ब्रशचं टोक रेघेला टेकवायचं, तो आपोआप धावत जातो. थोड्या वेळाने जास्तीचा कापडाने पुसायचा, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे. राहिलेला डाग मग ओघळासारखा दिसतो, चूक वाटत नाही.

टवाळखोर
अवांतर: स्पिटफायरच्या पहिल्या नमुन्यावर रिव्हेटच्या जागी वाटाण्याची डाळ चिकटवली होती म्हणे?

तिरकाचिमटा
म्हणे नाही, खरंच. के५०५४ या पहिल्या नमुन्याचे रिव्हेट पृष्ठभागाशी सपाट होते. ते सगळीकडे सपाट बसवणं वेळखाऊ, मग बाहेर आलेल्या गोल रिव्हेटने वेग किती घटतो ते बघायला प्रत्येक रिव्हेटवर डाळीचा अर्धगोल चिकटवला. वेग चांगलाच घटला. मग थोडी थोडी डाळ काढत उड्डाणं करून ठरवलं की कुठे सपाट रिव्हेट हवेतच आणि कुठे गोल चालतील.

त्यामुळे जुन्या किटवर जे उठावदार रिव्हेट असतात, ते पंखाच्या पुढच्या कडेवर बिनदिक्कत घासून टाका.

टवाळखोर
अतिअवांतर: सगळ्यात सोपं रंगकाम सांगू का? १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून शत्रूची आणि आपली विमानं ओळखायला लाकडी मॉडेल्स करून घेतली. तीही १/७२ ची, आणि सगळी काळी! ना डिकल, ना वॉश, ना बेरंग.

बेरंग
:)) दंडवत.

द्रावक
मूळ प्रश्नावर येऊ या, ग्लॉसचा राहिलाच. मॅट रंग म्हणजे सूक्ष्म डोंगरदऱ्या. म्हणून तर त्यावर प्रकाश विखुरतो आणि तो मॅट दिसतो. डिकलची पातळ फिल्म त्या डोंगरांच्या माथ्यांवर टेकते, खाली दऱ्यांमध्ये हवा राहते. त्या हवेवरून प्रकाश परततो आणि डिकलच्या पारदर्शक भागात चांदी चमकते. ग्लॉसने दऱ्या भरून येतात, हवेला जागा उरत नाही. शिवाय वॉश ग्लॉसवरून स्वच्छ पुसला जातो, मॅटवर तो सगळीकडे झिरपून डाग पडतो. तेव्हा द्राविडी प्राणायाम नाही हो, हाच जवळचा रस्ता.

कुंचलेवाली
डिकल लावताना: कोमट पाण्यात काही सेकंद बुडवून बाहेर काढून ठेवायचं, फिल्म कागदावर सरकू लागेपर्यंत. ओढायचं नाही. जागेवर मायक्रो सेटचा (डिकल बसवायच्या द्रवाचा) थेंब, त्यावर डिकल सरकवायचं, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी दाबून काढायचं. मग वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव). याने डिकल सुरकुततं आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या वेळी हात मागे बांधून बसायचं. सुरकुत्या आपोआप बसतात आणि फिल्म पॅनल लाइनमध्ये उतरते. त्या अवस्थेत बोट लावलंत तर डिकल लगदा होऊन बोटाला येईल.

कागदीबाण
मधे बराच काळ गेला, एअरब्रश घेतला (कुंचलेवालीताई, माफी. कॉकपिट आणि चाकं तुमच्या पद्धतीने ब्रशनेच केली). पट्टे टेपने मारले. ग्लॉस, डिकल झाले. पण डाव्या पंखावरच्या गोल खुणेच्या कडेला जराशी चांदी दिसतेय. उपाय आहे का, का आता मॅटखाली दडपून टाकू?

द्रावक
मॅटने लपणार नाही. सगळ्यात बारीक सुईने किंवा नव्या पात्याच्या टोकाने चांदीच्या जागी काही टोचे मारा, आणि त्यावर मायक्रो सोलचा थेंब. द्रव आत शिरतो, हवा बाहेर पडते. वाळल्यावर बघा, राहिलं असेल तर परत. मग डिकलच्या कडा बुजवायला ग्लॉसचा आणखी एक हात, मग वॉश, आणि सगळ्यात शेवटी मॅट.

मॅट मारताना हवा दमट असेल तर थांबा. लॅकरचं मॅट दमट हवेत पांढुरकं धुकं धरतं. आणि बाटली हलवा म्हणजे खरोखर हलवा. मॅट करणारी भुकटी तळाशी बसते, न हलवता मारलं तर आधी चकचकीत आणि बाटलीच्या शेवटी पिठूळ असं दोन टोकांचं काम होतं.

बेरंग
आणि टवके? एक्झॉस्टची काजळी? पंखाच्या मुळाशी, वैमानिक पाय ठेवतो तिथे रंग उडालेला असतो, तेवढं तरी करा. स्पंजचा कपटा चंदेरी रंगात बुडवून, बराचसा कागदावर टिपून, हलकेच टेकवा. तिथेच थांबा. आख्खं विमान टवके उडालेलं दाखवायचा मोह होतो. स्पिटफायरचं आयुष्य मुळात लहान, रंग उडायला वेळ कुठे होता?

जुनं_खोड
काजळी एक्झॉस्टच्या नळ्यांपासून मागे, पंखाच्या मुळावरून वाहत जाते. आधी तपकिरी, मग मधोमध थोडा करडा. अगदी पातळ रंग, कमी दाब. दिसली की थांबा.

कागदीबाण
टोचे आणि सोलने चांदी गेली! धन्यवाद. आता मॅट मारायचं आहे. कॅनपीची टेप त्याआधी काढू की नंतर? सुरुवातीला विचारलं होतं, कोणी उत्तर दिलंच नाही :)

तिरकाचिमटा
खरंच की, सगळे डाळ निवडत बसलो. मॅट झाल्यावर काढा, नाहीतर काच धुरकट होईल. मॅट पक्कं वाळू द्या. नाक जवळ नेऊन वास येत असेल तर वाळलेलं नाही. मग चिमट्याने एक कोपरा उचलून टेप स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाला जवळपास समांतर ओढा. सरळ वर उपटली तर चौकटीचा रंगही सोबत येतो. गोंद राहिला तर ओल्या कापूसकाडीने पुसा, थिनरच्या वाटेला जाऊ नका.

चौकटीवर आधी इंटिरिअर ग्रे-ग्रीन आणि मग बाहेरचा रंग मारला होता ना? काचेतून आत बघताना चौकटीची आतली बाजू कॉकपिटच्या रंगाची दिसायला हवी.

कागदीबाण
हो, तेवढं किटच्या पत्रकात होतं. टेप काढून फोटो टाकतो.

नवाभिडू
मी मस्टँगचं किट मागवलंय. पंखावरच्या रेघा बुजवायला पुट्टी कोणती घेऊ?

टवाळखोर
@नवाभिडू वेगळा धागा काढा राव, बेरंग इथेच मुक्कामाला येतील.

बेरंग
आलोच. पुट्टीच्या आधी प्रायमर बघा. मिस्टर सरफेसर ५०० ब्रशने रेघांवर ओढा, वाळू द्या, वॉटर पेपरने घासा. बारीक रेघांना तेवढं पुरतं. रुंद राहिल्या तरच पुट्टी.